धुतल्यावर टी-शर्ट बिघडतो? छापणारा बदलण्याआधी प्लेन माल तपासा

तक्रार बहुतेक वेळा दोनच शब्दांत येते: "प्रिंट गेलं." फोटो मागवला की प्रिंट जागेवर असतं आणि टी-शर्टच आखडलेला किंवा पिळलेला दिसतो. ब्रँड नवा असला की मालक आधी छापणारा बदलतो, मग शाई बदलायला लावतो, मग डीटीएफ (फिल्मवर छापून उष्णतेने कापडावर चिकटवायची पद्धत) सोडून स्क्रीन प्रिंटिंगवर जातो. प्लेन टी-शर्ट मात्र त्याच व्यापाऱ्याकडून त्याच भावात येत राहतात, आणि पुढच्या ऑर्डरला तीच तक्रार परत येते.

पुण्यात माझं छपाईचं काम आहे. ढोल-ताशा पथकं, कॉलेजचे फेस्ट, ट्रेकिंगचे ग्रुप आणि स्वतःचा ब्रँड काढलेली तरुण मुलं यांच्यासाठी आम्ही छापतो. दुसरीकडे छापून बिघडलेला मालही लोक दाखवायला आणतात. हाच बिघाड पुन्हा पुन्हा सोडवून तपासणीचा एक क्रम ठरून गेला आहे. आधी फुकटच्या गोष्टी, मग थोड्या खर्चाच्या, आणि अगदी शेवटी प्रयोगशाळा.

लक्षणं

• उंची कमी झाली, पण छाती तेवढीच राहिली किंवा किंचित पसरली. हात वर केला की पोट उघडं पडतं. कापड आटलं आहे.

• बाजूची शिवण घेराजवळ पोटावर सरकली, छातीवरचं चित्र तिरकं दिसतं. कापडाला पीळ पडला आहे.

• प्रिंटवर पांढुरकी लव आली आणि लांबून रंग उडाल्यासारखा वाटतो. त्यावर ओलं बोट फिरवा. रंग पुन्हा गडद दिसला तर शाई शाबूत आहे, कापडाचे तंतू शाईतून वर आले आहेत.

• लाल किंवा मरून स्पोर्ट्स टी-शर्टवरची पांढरी अक्षरं दोन-चार दिवसांत गुलाबी झाली, तीही न धुता. टी-शर्टाचा रंग शाईत चढला आहे.

• डीटीएफचा कोपरा सुटला, किंवा रबर प्रिंटला भेगा गेल्या. यात दोष कापडाचाही असू शकतो आणि छपाईचाही, म्हणून याची तपासणी थोडी पुढे.

• गळा लोंबला.

• एकाच ऑर्डरीत काळ्याच्या दोन छटा निघाल्या.

• शिवणीलगत टाचणीएवढी भोकं होती, ती धुतल्यावर मोठी झाली.

१. आधी तक्रारींची यादी (फुकट)

वही किंवा एक्सेल उघडा. प्रत्येक तक्रारीपुढे रंग, साइझ, खरेदीचं बिल आणि छापल्याची तारीख लिहा. बाकी काही तपासण्याआधी हे करा, कारण अर्धं उत्तर इथेच मिळतं. एकाच गिऱ्हाइकाचा एकच टी-शर्ट आटला असेल तर त्याने तो ड्रायरमध्ये टाकला असण्याची शक्यता मोठी. काळ्या एल साइझच्या पाच जणांनी तीच गोष्ट सांगितली तर तो लॉटचा दोष. सगळ्या रंगांत, सगळ्या साइझमध्ये, पण एकाच दिवशी छापलेल्या मालात कोपरे सुटत असतील तर मात्र त्या दिवशीचं हीट प्रेस (प्रिंट उष्णतेने दाबून बसवणारं मशीन) बघायला हवं.

खरेदीच्या बिलावर लॉट नंबर नसेल तर आजपासून प्रत्येक गठ्ठ्यावर तुम्हीच नंबर टाकायला लागा, आणि प्रत्येक रंगाचा एक न छापलेला पीस तारीख लिहून बाजूला ठेवा. वाद झाला तर पुरावा म्हणून हाच पीस कामी येतो.

२. टेबलावर पसरून बघणं (फुकट)

एकाच साइझचे चार-पाच पीस काढा आणि टेपने छाती नि उंची मोजा. पिसापिसांत अर्ध्या इंचाचा फरक चालतो. इंचाच्या वर गेला तर कटिंगच हलगर्जीपणाने झालं आहे, आणि असा माल धुतल्यावर आणखी वेडावाकडा होतो.

मग कापडावरच्या उभ्या रेघा बघा. होजिअरीच्या कापडाला जवळून पाहिलं की विणीच्या बारीक उभ्या ओळी दिसतात. या ओळी बाजूच्या शिवणीला समांतर हव्यात. धुण्याआधीच त्या तिरक्या असतील तर धुतल्यावर शिवण सरकणार, हे गृहीत धरा. गळ्याची रिब चार बोटांनी ताणून सोडा. ती लगेच पूर्ववत झाली पाहिजे, पसरून राहिली तर महिन्याभरात गळा लोंबेल. टी-शर्ट उलटा करून खांद्याची शिवण उजेडापुढे ताणा. सुई बोथट असेल तर ती धागा तोडत जाते, आणि ही भोकं छपाईआधीच दिसतात.

आता टी-शर्टाची घडी बोटावर धरून खिडकीच्या उजेडात आडवी बघा. घडीच्या कडेवर लव किती उभी आहे ते दिसतं. लव जितकी जास्त, तितकं प्रिंट लवकर पांढुरकं होणार. बायोवॉश करतात तो याचसाठी. त्यातलं एन्झाइम वर आलेले तंतू खाऊन टाकतं आणि पृष्ठभाग साफ होतो. मात्र बाजारात बायोवॉशच्या नावाखाली निव्वळ सॉफ्टनर मारलेला मालही मिळतो. हाताला तो मऊ लागतो आणि पहिल्या धुण्यात तो मऊपणा निघून जातो. म्हणून दुकानात हात फिरवून टी-शर्ट पसंत करू नका.

३. पाण्याचा थेंब, ओला रुमाल, आगकाडी

कापडावर पाण्याचा एक थेंब सोडा. नीट तयार झालेल्या सुती कापडात तो काही सेकंदांत मुरतो. थेंब मोत्यासारखा वर बसून राहिला तर कापडावर सिलिकॉन सॉफ्टनर भरपूर आहे. पाण्याच्या शाया अशा कापडात आत शिरत नाहीत आणि डीटीएफचा गोंदही नीट धरत नाही. कोपरे सुटण्याच्या तक्रारीत ही तपासणी सर्वांत आधी करा.

मग पांढरा सुती रुमाल ओला करून पिळा आणि गडद टी-शर्टावर एकाच जागी दहा वेळा मागे-पुढे घासा. प्रयोगशाळेत हेच काम ठरलेल्या दाबाने यंत्र करतं. काळा, नेव्ही, मरून आणि गडद लाल हे चार रंग तपासल्याशिवाय घेऊ नका. ओल्या रुमालावर पुसटशी छटा आली तर चालतं. स्पष्ट डाग पडला तर त्या टी-शर्टाचा रंग गिऱ्हाइकाच्या बादलीत जाणार, आणि त्यावरचं पांढरं प्रिंटही मळकट होणार.

यामागचं कारण माहीत असलं की व्यापाऱ्याशी बोलणं सोपं जातं. सुती कापडाला बहुतेक रिअ‍ॅक्टिव्ह रंग वापरतात. त्यातला सगळा रंग धाग्याला चिकटत नाही. उरलेला गरम पाण्याने, साबणाने, पुन्हा पुन्हा धुऊन काढावा लागतो, आणि त्याला पाणी, वाफ नि वेळ लागतो. आपल्याकडे येणारा प्लेन माल मोठ्या प्रमाणात तमिळनाडूतल्या तिरुपूरचा असतो. नोय्यल नदीच्या प्रदूषणावरून २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने तिथली डाईंग युनिट बंद झाली होती. पुढे सांडपाणी बाहेर न सोडता शुद्ध करून परत वापरण्याच्या अटीवर ती चालू झाली. म्हणजे धुण्याच्या प्रत्येक पाण्याला आता खर्च आहे. त्यामुळे काळा टी-शर्ट बाजारभावापेक्षा फारच स्वस्त मिळत असेल तर हे शेवटचं धुणं वाचवलं तर नाही ना, असा संशय मला पहिल्यांदा येतो. नदीचं पाणी राखायला लागणारा खर्च योग्यच आहे, तो भावात धरलेला माल घ्यावा.

आगकाडीची तपासणी "शंभर टक्के कॉटन" या लेबलासाठी. आतल्या शिवणीजवळचे कापडाचे दोन-चार धागे काढा, चिमट्यात धरा आणि स्टीलच्या ताटलीवर, बेसिनपाशी पेटवा. सूत जळताना कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राखाडी राख उरते. पॉलिस्टर वितळतं, आकसतं आणि टणक काळा मणी उरतो. राखेत कडक खडे लागले तर मिश्रण आहे. व्हिस्कोस मात्र सुतासारखंच जळतं, त्यामुळे ग्रे मेलांजसारख्या (मिसळलेल्या करड्या छटेच्या) कापडाचा निकाल या तपासणीवर लावू नका.

४. वजन (खर्च एका छोट्या काट्याचा)

सोनार वापरतात तसा ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा घ्या. टी-शर्टाचा १० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटरचा चौकोन कापा, वजन करा आणि शंभराने गुणा. १.८० ग्रॅम भरलं तर १८० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला १८० ग्रॅम. पावसाळ्यात सुती कापड हवेतली ओल धरतं आणि काटा जास्त दाखवतो. म्हणून आधीच्या चांगल्या लॉटचा तेवढाच तुकडा त्याच वेळी, त्याच काट्यावर मोजा. सांगितलेल्या वजनापेक्षा पाचेक टक्के इकडेतिकडे चालतं. १८० म्हणून विकलेला माल १६० भरला तर ती सरळ फसवणूक आहे.

पण या आकड्याला अवास्तव महत्त्व आलं आहे. ओव्हरसाइझची फॅशन आल्यापासून जो तो २४० जीएसएम मागतो. जाड कापड आटत नाही, असं अजिबात नाही. आखूड तंतूंच्या कार्डेड धाग्याचं २४० जीएसएम कापड लव सोडतं आणि गोळे धरतं. कॉम्ब्ड धाग्यातून आखूड तंतू विंचरून काढलेले असतात, म्हणून त्याचं १८० जीएसएम कापड वर्षभर नीटस राहतं. माझ्या मते पहिल्या कलेक्शनसाठी १८० किंवा २०० जीएसएम, कॉम्ब्ड, बायोवॉश केलेला माल घ्यावा आणि वाचलेले पैसे पुढच्या तपासणीत घालावेत.

५. धुऊन बघणं

ही तपासणी टाळली जाते कारण तिला दोन-तीन दिवस लागतात. पण आटणं आणि पीळ या दोन्हींचा निकाल फक्त हीच लावते.

एक न छापलेला टी-शर्ट सपाट पसरा. पाठीवर उभ्या दिशेने ५० सेंटिमीटरवर आणि आडव्या दिशेने ३५ सेंटिमीटरवर रंगीत दोऱ्याने टाके घाला. मार्करच्या खुणा धुण्यात जातात, टाके राहतात. बाजूला शिवण नसलेला ट्यूबचा टी-शर्ट असेल तर दोन्ही कडांच्या घडीवरही वरपासून खालपर्यंत टाके घाला. मग गिऱ्हाईक धुतं तसंच धुवा, म्हणजे मशीनमध्ये, नेहमीच्या पावडरने, इतर कपड्यांबरोबर. मोजायचा पीस दोरीवर टांगू नका. ओल्या कापडाच्या वजनाने उंची ताणली जाते आणि आटणं लपतं. आडवा पसरून वाळवा. असं तीनदा करा आणि मग मोजा.

५० चे ४७.५ झाले तर ५ टक्के आटलं. माझी रेषा तिथेच आहे. उंचीत ५ टक्क्यांच्या पुढे गेलेला लॉट मी छापायला घेत नाही. ७० सेंटिमीटर उंचीच्या टी-शर्टात ८ टक्के म्हणजे साडेपाच सेंटिमीटर गेले. एल घेतलेल्याला तो टी-शर्ट दुसऱ्यांदा घालवत नाही.

पीळ मोजायचा तर घेरापाशी शिवण मूळ जागेपासून किती सरकली ते बघा. ७० सेंटिमीटरच्या टी-शर्टात साडेतीन सेंटिमीटर सरकली तर तोही ५ टक्के, आणि तिथेही तीच रेषा.

असं का होतं? विणताना, रंगवताना आणि वाळवताना कापड उंचीच्या दिशेने ओढलं जातं. विणीचे फास लांबट होऊन बसतात, आणि पाणी लागलं की आपल्या मूळ आकारात परततात. म्हणून उंची घटते आणि रुंदी कधी कधी वाढते. चांगला उत्पादक कापड कॉम्पॅक्टिंग मशीनमधून काढतो, म्हणजे हे आटणं कापण्याआधीच उरकून घेतो. घाईच्या मालात ते नीट होत नाही. पीळ पडण्याचं कारण धाग्यातच असतं. सिंगल जर्सीला, म्हणजे टी-शर्टाच्या नेहमीच्या कापडाला, एकेरी धागा लागतो, त्याचा पीळ सुटायला बघतो आणि सगळी वीण एका बाजूला झुकवतो. कितीही चांगली शिलाई केली तरी हे थांबत नाही.

६. एकच प्रिंट, दोन टी-शर्ट

कोपरे सुटणं आणि भेगा यांचा वाद इथे मिटतो. आधीच्या, तक्रार न आलेल्या लॉटमधला एक टी-शर्ट आणि नव्या लॉटमधला एक घ्या. दोन्हींवर तेच डिझाइन, त्याच दिवशी, त्याच तापमानाला, तेवढाच वेळ दाबून छापा. एक दिवस जाऊ द्या आणि दोन्ही एकत्र तीनदा धुवा. फक्त नव्यावरचं प्रिंट सुटलं तर कापड दोषी. दोन्हींवरचं सुटलं तर प्लेन माल घेऊन भांडायला जाऊ नका, छपाई तपासा.

आमच्या टेबलावर असा एक जोड कायम असतो. छापणारा आणि ब्रँडवाला एकमेकांकडे बोट दाखवत असले तर आम्ही तो दोघांपुढे ठेवतो.

७. हीट प्रेस

जून ते सप्टेंबर या काळात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, गोदामातल्या सुती टी-शर्टात ओल असते. ट्रान्सफर (छापलेली फिल्म) ठेवण्याआधी कोरा टी-शर्ट पाच-सात सेकंद दाबून वाफ जाऊ द्या. तसं केलं नाही तर वाफ गोंदाच्या आणि कापडाच्या मध्ये अडकते आणि प्रिंट सुटतं. दाबल्यावर फिक्या रंगावर चौकोनी छाप दिसली तर लगेच घाबरू नका, पुष्कळदा गार झाल्यावर ती जाते. पिवळी पडून राहिली तर उष्णता जास्त झाली आहे.

गुलाबी झालेल्या अक्षरांचं कोडंही उष्णतेतच आहे. पॉलिस्टरला डिस्पर्स रंग वापरतात. तापमान १६० अंशांच्या आसपास गेलं की ते वायू होऊन वर येऊ लागतात आणि पांढऱ्या शाईत शिरतात. प्लास्टिसोल (स्क्रीन प्रिंटिंगची प्लास्टिकसारखी शाई) पक्की व्हायलाही साधारण तेवढंच तापमान लागतं, म्हणून अडचण होते. गडद पॉलिस्टरवर कमी तापमानाची शाई किंवा खाली अडवणारा करडा थर वापरा, आणि छापून गरम पीस एकावर एक रचू नका. ब्रँडची ओळखच लाल टी-शर्टावर पांढरी अक्षरं अशी असेल तर पूर्ण सुती माल घ्या, म्हणजे हा प्रश्नच येत नाही.

डिजिटल आकडा १६० दाखवत असला तरी प्लेटचा कोपरा थंड असू शकतो. तापमानाच्या पट्ट्या चारही कोपऱ्यांत ठेवून बघा. एक कोपरा पंधरा-वीस अंशांनी कमी निघाला, किंवा आकडा वर-खाली नाचू लागला, तर काम थांबवा. एलिमेंट, वायरिंग किंवा थर्मोस्टॅट स्वतः उघडू नका, मशीनच्या तंत्रज्ञाला बोलवा. हँडलला करंट लागत असेल तर आधी मेन स्विच बंद करा आणि तंत्रज्ञ बघेपर्यंत मशीन लावू नका.

८. व्यापाऱ्याला काय विचारायचं

धागा कॉम्ब्ड आहे का, किती काउंटचा (म्हणजे किती बारीक), कापड कॉम्पॅक्ट केलंय का, आणि संपूर्ण ऑर्डर एकाच डाईंग लॉटमधली, म्हणजे एकत्र रंगवलेल्या कापडाची, मिळेल का. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. विणणारा, रंगवणारा आणि शिवणारा हे बहुधा वेगवेगळे असतात. एस ते डबल एक्सएल वेगवेगळ्या लॉटमधून भरून आले की काळ्याच्या दोन छटा होतात. पथकाचे टी-शर्ट असतील तर मिरवणुकीत हा फरक लांबूनही दिसतो. उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या. पुरवठादार चांगला असेल तर लेखी द्यायला कुरकुर करत नाही.

लॉट खराब निघाला तर

छापण्याआधी परत करा. छापलेला माल कोणी परत घेत नाही. पीळ आणि कच्चा रंग यांवर तुमच्या हातात काही उपाय नाही, तो लॉट सोडा. फक्त आटण्याचा दोष असेल आणि परत करणं शक्य नसेल तर एखाद्या लाँड्रीतून सगळा माल धुऊन, ड्रायरमध्ये वाळवून आधीच आटवता येतो. मग पुन्हा मोजा आणि नवीन मापाचं लेबल लावा. हा खर्च किमतीत बसतो का ते आधी तपासा, छोट्या ऑर्डरीत सहसा बसत नाही. घरी बादलीत दोनशे पीस भिजवत बसू नका, छटा बदलतात.

इथे घरगुती तपासणी थांबवा

टी-शर्ट घालून कोणाच्या अंगावर पुरळ आलं तर विक्री त्याच दिवशी बंद करा. घालणाऱ्याने डॉक्टरांना दाखवावं आणि तुम्ही माल प्रयोगशाळेत द्यावा. काही अझो रंगांवर भारतात १९९७ पासून बंदी आहे, आणि असा रंग वापरला आहे का हे रुमाल घासून कळत नाही. लहान मुलांचे कपडे काढणार असाल तर तक्रारीची वाट न बघता आधीच तपासून घ्या. निर्यात असेल, किंवा व्यापाऱ्याबरोबरचा वाद मोठ्या रकमेचा असेल, तरीही तुमच्या टाक्यांचं मोजमाप पुरेसं नाही, अहवाल लागतो.

मुंबईत वरळीची सस्मिरा, घाटकोपरची बीटीआरए आणि प्रभादेवीची टेक्स्टाइल्स कमिटी इथे कापडाच्या चाचण्या होतात. जाण्याआधी फोन करून किती कापड लागेल आणि दर काय ते विचारा. धुण्याने होणारा मापातला बदल, पीळ, धुण्याला, घामाला आणि कोरड्या-ओल्या घासण्याला रंगाचा टिकाऊपणा, आणि तंतूंचं मिश्रण या चाचण्या नावानिशी मागा. रंगाचे गुण १ ते ५ असे देतात. ४ आणि त्यावर उत्तम. काळ्या किंवा नेव्हीला ओल्या घासण्यात ३ मिळाले तरी तो माल घेण्याजोगा आहे. नमुना न छापलेला, न धुतलेला आणि वादातल्याच लॉटमधला द्या, आणि अहवालावर लॉट नंबर लिहून घ्या.